बेकरीवाल्या बाईची केस

सोमवार, ३ फेब्रुवारी

समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, रोज थोडं लिहीत जा, मन मोकळं होतं. स्वतः मात्र किराण्याच्या यादीपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. आजपासून लिहिणार. कारण आजपासून लढा सुरू झाला आहे, आणि लढा यशस्वी झाला की लोक विचारतात, सुरुवात कशी झाली हो? तेव्हा आठवत नाही म्हणणं बरं दिसत नाही.

तर सुरुवात अशी. आमच्या भागातली मुलं शाळा सुटल्यावर जातात कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नाही. मैदानावर गाड्या उभ्या राहतात. वाचनालय मुलं सुटायच्या वेळेला कुलूप लावतं. पोहण्याच्या तलावात पाणी सोडून सगळं आहे. उरली ती पाण्याच्या टाकीमागची जागा. तिथे मुलं काय करतात हे तिथल्या रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं बघून कळतं. या सगळ्या भागाला समुपदेशक दोन. एक मी आणि दुसरी आमची कनिष्ठ. (तिच्या नेमणूकपत्रात ‘कनिष्ठ समुपदेशक’ असं लिहिलंय. मी अर्ध्यावरच थांबते.)

मागणी एकच आहे. संध्याकाळी मुलांसाठी उघडी असलेली एक खोली. आत चार खेळ, चार पुस्तकं, आणि कोपऱ्यात एक समुपदेशक. बोलायचं असेल त्याने बोलावं, नसेल त्याने नुसतं बसावं.

घरी सांगितलं. हे जलशुद्धीकरण केंद्रावर दुपारपाळीला निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, “चांगलं आहे.” सासूबाईंनी टीव्हीचा आवाज जराही कमी न करता मान डोलावली. खारू, म्हणजे आमची कन्या (लहानपणी खाऊ गालात साठवायची, म्हणून खारूताई, आता सोळाची आहे तरी नाव चिकटलंच), मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, “संध्याकाळी? म्हणजे आता तू संध्याकाळी पण तिकडेच का?”

“जमेल तितकं घरी असेन गं,” म्हटलं. मुलीला माझ्या कामात रस आहे हे बघून बरं वाटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शुक्रवार म्हणजे केसचर्चा. मी आणि कनिष्ठ दार लावून बसतो आणि अडलेल्या केस एकमेकींपुढे मांडतो. यासाठी मी एक नियम केलाय आणि त्याचा मला अभिमान आहे. नाव तर घ्यायचं नाहीच, पण ओळख पटेल असा सगळा तपशील बदलायचा. मुलगी असली तर मुलगा म्हणायचं, आजीचे आजोबा करायचे, आईबापांचे उद्योग बदलायचे. खोलीत आम्ही दोघीच असलो तरी. या भागात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि भिंतींना कान असोत नसोत, मला आहेत.

कनिष्ठने आज तिच्या मंगळवारच्या शाळेतली केस मांडली. ती शाळा तिच्याकडे आहे कारण खारू तिथे शिकते, आणि स्वतःच्या मुलीच्या शाळेत समुपदेशक म्हणून बसणं तत्त्वात बसत नाही. मी तत्त्वाच्या बाबतीत तडजोड करत नाही.

केस अशी. एक मुलगा. आईची बेकरी. बाई दिवसभर भट्टीपाशी आणि संध्याकाळी बेकरी संघटनेच्या सभांना. वडील फिरतीवर. घरात आजोबा, त्यांना दिसत नाही. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या हा पोरगा घेतो. आधी गंमत म्हणून टाकीमागे मित्रांबरोबर, आता घरी एकट्याने. शाळेच्या डॉक्टरांना दाखवलंय, ते लक्ष ठेवून आहेत.

“मॅडम, त्याच्या आईला सांगावं असं वाटतंय,” कनिष्ठ म्हणाली. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

“अजिबात नको. सांगून काय होणार? ती आधी आरडाओरडा करेल, मग मुलाचं दप्तर तपासेल, आणि शेवटी ‘माझ्या कामाचं काय’ म्हणून स्वतःच रडेल. असल्या बायका ऐकण्याच्या स्थितीतच नसतात.”

“पण बाई तशी चांगली आहे हो.”

“चांगल्या असतातच. म्हणून तर जास्त अवघड. मुलगा स्वतः सांगेल तेव्हा सांगेल. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस.”

ती घटाघटा पाणी प्यायली. नवखी आहे, केस अंगाला लावून घेते. हळूहळू तयार होईल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नगरपालिकेच्या समितीचे सभापती भेटले. प्रेमाने बसवलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “मॅडम, आपल्या भागात व्यसन नाही.”

“टाकीमागे बाटल्या पडलेल्या असतात.”

“त्या बाहेरून येतात.”

“बाटल्या?”

“मुलं हो. पलीकडच्या भागातली. आता तुम्हीच बघा, आपण केंद्र काढलं की लोक म्हणणार, केंद्र आहे म्हणजे व्यसन असणार. आज नाही ते उद्यापासून सुरू होईल. बरं, नाव बदलता येईल का? ‘आनंद कक्ष’ कसं वाटतं?”

तिथून खारूच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांच्या शाळेच्या दारावर ‘व्यसनमुक्त शाळा’ अशी पाटी आहे. पाठिंब्याच्या पत्रावर सही मागितली तर कपाळावर घाम आला. “सही केली तर पाटीचं काय करायचं? पितळी आहे, मॅडम. सिमेंटमध्ये बसवली आहे.” त्याऐवजी घोषवाक्य स्पर्धा घेऊ म्हणाले. ती घ्यायला त्यांची कधीच हरकत नसते.

एक गोष्ट मात्र शिकले. हे लोक आकड्यांनी हलत नाहीत. यांना गोष्ट हवी.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गोष्ट सांगितली. महिला मंडळाच्या सभेत, भरगच्च सभागृहात, बेकरीवाल्या बाईची केस. सगळे तपशील बदललेलेच आहेत, त्यामुळे कुणाची गुप्तता मोडायचा प्रश्न नाही. थोडा मीठमसाला मी घातला. “त्या आईला घरात काय जळतंय त्याचा वास येत नाही, कारण ती दिवसभर भट्टीपाशी उभी असते!” हे वाक्य मला बोलता बोलता सुचलं. बायकांनी पदर, रुमाल, ओढण्या, जे हाताला लागेल ते डोळ्यांना लावलं. सह्यांचे कागद कमी पडले.

कनिष्ठ शेवटच्या रांगेत होती. नंतर म्हणाली, “मॅडम, ती केस वापरायला नको होती.” मी म्हटलं, अगं, ती केसच आपल्याला खोली मिळवून देणार आहे. थोडं असूयेचंही असू शकतं. केस तिची, टाळ्या मला.

रविवार, २३ फेब्रुवारी

घरात एक नवाच प्रश्न उभा राहिलाय. सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाची बाटली पुन्हा संपली. औषधवाला म्हणाला, “आजींचा खोकला बराच दिसतोय, परवाच तर नेलीत.” सासूबाई म्हणतात, मी एकच चमचा घेते. सगळे असंच म्हणतात. खोकला तर मला ऐकूही येत नाही फारसा. चिडचिड वाढली आहे, दुपारी झोपतात, टीव्हीसमोर तंद्री लागते. लक्षणं स्पष्ट आहेत.

नात्यातल्या माणसाशी बोलणं सगळ्यात कठीण. पण मी पद्धतीने गेले. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले, आवाज खाली ठेवला. (मग त्यांना ऐकू येईना म्हणून वर केला.)

“आई, मला तुमचा राग आलेला नाही. मला तुमची काळजी वाटते.”

“काळजी वाटते तर चहा टाक.”

“तुम्हाला त्या औषधाची गरज वाटते का? वारंवार?”

“अगं, मी एकच चमचा घेते! एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तू काय मला दारुडी समजतेस?”

नकार ही पहिली पायरी. मी वाद घातला नाही. नवी बाटली छोट्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खारूच्या हातात दिली. “आजीला रोज एक चमचा तू द्यायचा. त्या मागतील, रागावतील, पण तू विरघळायचं नाहीस.”

“मी? नको आई. तुझ्याकडेच ठेव ना.”

“मी घरात असते कुठे? आणि तुझ्याइतकं भरवशाचं कोण आहे इथे?”

ती किल्लीकडे बघत उभी राहिली आणि एकदम न्हाणीघरात गेली, बराच वेळ नळ चालू ठेवून. जबाबदारीचं दडपण येतंच. पण जबाबदारीनेच मुलं घडतात.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

केसचर्चा. बेकरीवाल्या मुलाचं बिघडत चाललंय. “आता तर आईनेच त्याला गोळ्यांच्या डब्याची राखण करायला बसवलंय,” कनिष्ठ म्हणाली. मी कपाळाला हात लावला. किती आंधळं असावं माणसाने!

“तो म्हणतो, आईला सगळ्यांच्या मुलांसाठी वेळ आहे,” ती पुढे म्हणाली आणि गडबडली. “म्हणजे, गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी. बिस्किटं वगैरे.”

मग पुन्हा तेच. “मॅडम, आईला सांगू का? तुम्ही हो म्हणालात तर मी आत्ता सांगते. या क्षणी.”

“काय घाई आहे? पोराला विचारलंस का?”

“तो म्हणतो, मी सांगेन. पण ती बसली पाहिजे ना एके ठिकाणी.”

“मग थांब. विश्वास मोडलास तर पोरगा हातचा जाईल.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला थोडे दिवस रजा द्यावी का? खोली मंजूर झाल्यावर बघू. संध्याकाळी खोलीचा आराखडा केला. पालकांसाठी बाहेर एक लांब बाक कनिष्ठने सुचवला होता, तो मी खोडला. थांबतंय कोण? पालकांना वेळ असता तर खोली कशाला लागली असती. आणि नियमांत एक कलम घातलं: ज्या समुपदेशकाच्या घरचं मूल इथे येत असेल, त्याने इथे पाऊल ठेवायचं नाही. अशी वेळ येणार नाही, पण नियम म्हणजे नियम.

सोमवार, ३ मार्च

आज कमालच झाली. बाजारातल्या बेकरीची मालकीण थेट आमच्या समुपदेशन केंद्रात आली. हाताला पीठ तसंच. मला वाटलं सही करायला आली असेल.

“माझ्या पोराने तुमचं काय घोडं मारलंय?” दारातूनच सुरुवात. “तो साधी चॉकलेटची गोळी खात नाही! आणि शाळेत त्याचं नाव ‘गोळी’ पडलंय. माझे सासरे जाऊन वर्षं झाली. भाषणात कुठले आंधळे आजोबा आणलेत तुम्ही?”

मी शांतपणे समजावलं की तपशील बदललेले असतात, बेकरी म्हणजे बेकरी नव्हे.

“मग बेकरी म्हणजे काय? शिंप्याचं दुकान म्हणा, दवाखाना म्हणा! या भागात बेकरी एकच आहे, बाई, आणि ती माझी आहे.”

ती गेल्यावर मी कनिष्ठला म्हटलं, “बघितलंस? एवढा संताप उगाच येत नाही. काहीतरी असणार. त्या पोराकडे लक्ष ठेव.” कनिष्ठ माझ्याकडे असं बघत राहिली जसं काही मीच तिच्यासमोरची केस आहे. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, आपलं चुकलं का? पण लढ्यात थोडं इकडेतिकडे होतंच.

शुक्रवार, ७ मार्च

घोषवाक्य स्पर्धेत खारूला पहिलं बक्षीस! निबंधातही. परीक्षकांनी निबंध वाचून दाखवला. पहिल्यांदा भीती वाटते, मग भीती जाते, मग भीती गेल्याची भीती वाटते, असं काहीतरी लिहिलंय. मुख्याध्यापक म्हणाले, “इतक्या लहान वयात इतकी जाण!” मी म्हटलं, “सर, ते तिच्या रक्तातच आहे.”

बक्षीस म्हणून ‘व्यसनमुक्त शाळा’ पाटीची छोटी प्रतिकृती मिळाली. खारूने ती घरी आल्यावर कपाटात उलटी करून ठेवली. विनय आहे हो पोरीत. हल्ली मात्र जेवत नाही नीट. डोळेही सुजलेले असतात. अभ्यास फार करते. सासूबाईंचं औषध पुन्हा संपलं. त्या खारूला फूस लावून जास्त घेतात असा मला दाट संशय आहे. वयाने माणूस लबाड होतं.

येत्या शुक्रवारी समितीची खुली सुनावणी आहे. आर या पार.

बुधवार, १२ मार्च

सुनावणीची तयारी. चित्रफिती, तक्ते, सगळं खारू संगणकावर करून देते आहे. भट्टीचा एक छान फोटो तिनेच शोधला. नंतर दारात येऊन म्हणाली, “आई, तुला थोडा वेळ आहे का?”

“शुक्रवारनंतर वेळच वेळ. काय गं?”

“काही नाही. शुक्रवारनंतर.”

रविवार, १६ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिता येईना. आज लिहिते आहे कारण मीच लोकांना सांगते की लिहा.

शुक्रवारी सभागृह खचाखच होतं. सभापती, मुख्याध्यापक, महिला मंडळ, मागे बेकरीवाली बाई हाताची घडी घालून. खारू व्यासपीठाच्या कडेला संगणकावर. मी बोलले आणि चांगलं बोलले, हे खोटं कशाला बोलू. बेकरीवाल्या बाईच्या गोष्टीला मी त्या दिवशी नवा शेवट लावला. “त्या आईला तिचं मूल परकं झालंय हेसुद्धा कळलेलं नाही. अशा आयांच्या मुलांसाठी आम्हाला ही खोली हवी. कारण त्या मुलांना आई असून नसल्यासारखी आहे!” टाळ्या. सभापतींनी चष्मा पुसला.

पडद्यावर आता खोलीचा आराखडा यायला हवा होता. भट्टीचाच फोटो राहिला. मी दोनदा खुणावलं. वळून बघितलं तर संगणकापाशी कुणी नव्हतं, आणि कनिष्ठ सभागृहाच्या दाराकडे पळत होती. मी चिडले. मनात म्हटलं, ऐन वेळी पोरीने तोंडघशी पाडलं. तरी तसंच निभावलं. खोली एकमताने मंजूर झाली. त्यांना दहा ते पाच हवी होती, कारण शिपाई पाचला जातो. मी म्हटलं, मुलंही पाचलाच सुटतात, मग खोलीत शिपाई बसणार का? आठपर्यंत करून घेतली. आज मागे वळून बघताना तेवढी एकच गोष्ट मी धड केली असं वाटतं.

हार घालून घरी आले. दिवे लागायची वेळ होती. खारू जेवणाच्या टेबलाशी बसली होती, शेजारी कनिष्ठ. माझ्या घरात कनिष्ठ कशाला, हे मला कळेना. म्हटलं, बक्षीस मिळालेल्या पोरीचं कौतुक करायला आली असेल.

“आई,” खारू म्हणाली, “आपली बेकरी कधीपासून आहे?”

“काय?”

“तू आज सगळ्यांना सांगितलंस ना. भट्टी. आंधळे आजोबा. आजोबा नाहीयेत, आई. आजी आहे. आणि तिला सगळं दिसतं, फक्त ऐकू येत नाही. गोळ्या पण नाहीत.” तिने छोट्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. “ही तू घे. मी तुला म्हटलं होतं, माझ्याकडे नको.”

मी उभीच. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला तो लिहून ठेवते, कारण लपवून आता काय मिळवायचंय. मला वाटलं, हे सभापतींना कळलं तर?

त्यानंतर मी आरडाओरडा केला. मग तिचं दप्तर उपडं केलं. मग खुर्चीत बसून रडले आणि रडता रडता म्हणाले, “माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं काय?” अशा बायका काय करतात ते मी कनिष्ठला सांगितलंच होतं. एकही गोष्ट वगळली नाही, क्रमसुद्धा तोच.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. मला वाटतं या घरात तो संध्याकाळी बंद झालेला मी प्रथमच पाहिला. “ओरडू नकोस,” म्हणाल्या, “मला सगळं ऐकू येतंय.” मग खारूला जवळ ओढून घेतलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवत माझ्याकडे बघितलं. “आता तरी पटलं का? एकच चमचा घेत होते.”

माझी मुलगी माझ्यासमोर रोज बुडत होती आणि मी तिच्याकडून तक्ते करून घेत होते. मला माझी लाज वाटते. यापेक्षा चांगलं वाक्य सुचत नाही, आणि सुचू नये.

मंगळवार, १८ मार्च

कनिष्ठवर आज खूप चिडून घेतलं. “मला का नाही सांगितलंस?”

“विचारलं होतं, मॅडम. दोनदा.”

“स्पष्ट सांगायचं!”

“तुम्ही म्हणालात, असल्या बायका ऐकण्याच्या स्थितीत नसतात.”

तिने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मी घटाघटा प्याले.

खारूला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पण लांबचं काम आहे. औषधं ते देतील. बोलायला मात्र तिला कनिष्ठच हवी आहे, आणि जागा ती नवीच खोली. “तिथे बाकीची पण येणार आहेत,” म्हणाली. बाकीची म्हणजे टाकीमागची. तिची एक अट आहे. “तू आत यायचं नाहीस. पण बाहेर थांबायचं. रोज. आणि फोनवर बोलत नाही, नुसतं थांबायचं.”

हे ऐकून यांनीही पाळी बदलून मागितली. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, “घरी पाणी तुंबलंय.”

गुरुवार, १० एप्रिल

‘आनंद कक्षा’चं उद्घाटन झालं. पाटीवर सभापतींचा फोटो दारापेक्षा मोठा आहे. मला केंद्रप्रमुख करायचं ठरलं होतं. मी नाही म्हटलं. सभापती चक्रावले. “मॅडम, एवढं सगळं तुम्ही उभं केलंत, आणि आता माघार?” मी त्यांना नियमातलं ते कलम दाखवलं. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली, आणि त्यांना काही समजलं नाही. कनिष्ठला प्रमुख केलंय. आता तिला कनिष्ठ म्हणता येणार नाही. सवय मोडायला वेळ लागेल.

दोन शब्द बोलायला मला माइक दिला. मी म्हटलं, “मी जी गोष्ट सांगत फिरले, ती आपल्या बाजारातल्या बेकरीची नाही. बेकरीतल्या मुलाचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही.” एवढ्यात सभापतींनी फीत कापली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. गोष्ट सांगितली तेव्हा माइक कसा छान चालला होता.

सोमवार, १४ एप्रिल

आज पहिली संध्याकाळ. खारू दारात वळली, “इथेच थांब” म्हणाली आणि आत गेली. टाकीमागची बरीच मुलं आली होती. एका पोराने आत जाण्याआधी सभापतींच्या फोटोला मिशा काढल्या. बरं वाटलं, मुलं आल्यासारखी वाटली.

बाहेर आम्ही पालक. भिंतीला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. एक जण म्हणाले, “एक बाक टाकायला काय झालं होतं यांना? कुणाच्या डोक्यातून निघालंय हे?” मी म्हटलं, “असतात एकेक लोक.”

खोली नेमकी बेकरीसमोर आहे. बेकरीवाली बाई गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे बघितलं. तिथून पळून जावंसं वाटलं, पण अट होती.

सोमवार, २१ एप्रिल

रोज थांबते. फोन घरी ठेवून येते. नुसतं थांबणं किती अवघड असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आधी वाटलं, हिला आत बोलायला इतकं काय असतं? मग वाटलं, माझ्याशी बोलायचं राहिलेलंच इतकं असेल. परवा खारू रडत बाहेर आली. मधे एक दिवस पुन्हा घेतलं तिने, मित्राच्या घरून. तिने स्वतः येऊन सांगितलं. मी ओरडले नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले आणि ऐकून घेतलं.

काल रात्रीच्या जेवणाला मी तिला विचारलं, “बेकरीवाल्या बाईंना खरं सांगू का? त्यांच्या मुलाला त्रास होतोय अजून. पण मग तुझं नाव निघेल. तू नको म्हणालीस तर नाही.”

ती बराच वेळ ताटात बोटाने रेघा ओढत राहिली. “सांग,” म्हणाली. “त्याला अजून गोळी म्हणतात वर्गात. आणि तो खरंच चॉकलेटसुद्धा खात नाही, आई. बोअर आहे एकदम.”

आज खारू आत गेल्यावर रस्ता ओलांडून बेकरीत गेले. बाई पाव मोजत होत्या, थांबल्या नाहीत.

“ती गोष्ट,” मी म्हटलं, “तुमच्या बेकरीची नव्हती.”

“ते मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.”

“हो. माझी होती.”

“काय?”

“बेकरी. ती माझीच होती. मुलगा नाही, मुलगी आहे. समोर आत बसली आहे.”

त्यांनी मोजणं थांबवलं. मला वाटलं आता बोलतील, आणि मी ते ऐकून घ्यायच्या तयारीने उभी होते. माझ्या जागी त्या असत्या तर मी काय काय ऐकवलं असतं, माझं मलाच माहीत आहे. त्यांनी एकदा समोरच्या खोलीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

“रोज उभ्या असता,” म्हणाल्या.

“बाक नाहीये तिथे.”

“का नाहीये?”

“मीच खोडला.”

बाई जोरात हसल्या. मलाही हसू आलं आणि मग रडू आलं, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी गल्ल्यामागचं स्टूल ओढून बाहेर दारापाशी ठेवलं. “बसा. माझ्या पोराच्या वर्गात येऊन हे सांगाल?”

“सांगेन.”

“मोठ्याने सांगा. तेव्हा सांगितलं होतं तसं.”

मग मी बेकरीच्या दारात, त्या स्टुलावर बसले. मागून भट्टीची धग पाठीला लागत होती. दोन गिऱ्हाइकांनी मलाच भाव विचारला.

खारू बाहेर आली. नेहमीच्या भिंतीपाशी मी दिसले नाही तसा तिचा चेहरा एकदम उतरला. तो चेहरा मी या आधीही किती वेळा उतरवला असेल, मला बघता आला नव्हता. मी हात हलवला. तिने रस्त्यापलीकडून बघितलं. माझ्या डोक्यावरची बेकरीची पाटी वाचली, मग मला स्टुलावर बसलेलं बघितलं, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या गालात हसू साठलेलं मला दिसलं.

जवळ आली आणि म्हणाली, “शोभतेस.”

मी स्टूल आत नेऊन ठेवलं, तिचं दप्तर घेतलं, आणि आम्ही घरी आलो.